जबाबातला घोडा

एका शब्दाचा अर्थ मला कळला नाही, म्हणून एक निर्दोष माणूस तुरुंगात गेला. त्या प्रकरणाचा विषय निघाला की मी नेहमी हेच वाक्य सांगत आलो. ऐकणारे हळहळत, काही जण हसतही. वाक्य खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. उरलेला भाग मी कधी लिहिला नव्हता. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता काही वर्षं झाली आहेत. नोकरीतल्या कितीतरी गुन्ह्यांचे तपशील पुसले गेले, हा एक मात्र जसाच्या तसा समोर उभा राहतो.

माझं गाव साताऱ्याकडचं. नोकरीची सुरुवातीची वर्षं मुंबईत गेली. नंतर शहादा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून बदली झाली. ठाण्यात येणारा माणूस अहिराणीत बोलायचा, हवालदार त्याचं मराठी करायचा आणि मी ऐकायचो. शिकून घ्यायला हवं होतं. वर्षभरात बदली होईल या आशेवर ते राहून गेलं.

त्या भागात माझी एकाच माणसाशी मैत्री झाली. तापीकाठचा मोठा बागायतदार, घरची केळी आणि ऊस, बोलणं अगदी स्वच्छ मराठीत. सगळे त्याला दादा म्हणत. त्याच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणासाठीचा रीतसर परवाना होता. ट्रॅक्टरच्या शेडमागे त्याने एक खोली बांधून घेतली होती आणि तिथे त्याचा शौक चाले. जुना किडका दस्ता काढून त्याने शिसवीचा नवा केला होता, त्यावर पितळी वेल बसवली होती. जवसाच्या तेलाचा वास खोलीत कायम असायचा. मोबाईलवर तो मला परदेशातले व्हिडिओ दाखवायचा.

"बघा साहेब, तिकडे लोक सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये बसून स्वतःची बंदूक स्वतः जुळवतात. आपल्याकडे केलं की लगेच आरोपी."

"कायदा आहे दादा," मी म्हणायचो, आणि पुढचा व्हिडिओ बघायचो.

मलाही हत्यारांचं वेड होतं. दस्त्याचं कोरीवकाम वेगळं. परवानगीशिवाय हत्यार बनवणं किंवा त्याचे चालते भाग बदलणं हा गुन्हा आहे, हे मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. ते सोडून एकदा मी माझं सर्व्हिस पिस्तूल रिकामं करून त्याच्या हातात दिलं. त्याने ते तळहातावर तोललं, मूठ अंगठ्याने चाचपली. आणखी एकदा मी अचानक गेलो, तेव्हा बाकावर काहीतरी सुटं पडलेलं होतं. त्याने त्यावर फडकं ओढलं आणि म्हणाला, "अर्धवट कामाला दृष्ट लागते." मी हसलो आणि चहा घेतला.

त्या उन्हाळ्यात जवळच्याच एका गावच्या वरातीत गोळी सुटली. नाचणाऱ्यांच्या हातातून हातात फिरत असलेलं पिस्तूल उडालं आणि बँडमधल्या क्लॅरिनेट वाजवणाऱ्याच्या मांडीतून गोळी आरपार गेली. माणूस वाचला. पिस्तूल शेजारच्या केळीच्या बागेत सापडलं. आमच्याकडे सीमेपलीकडून गावठी कट्टे येतात, ते ओबडधोबड असतात. हे तसं नव्हतं. काम सुबक होतं, मुठीला शिसवीचं लाकूड होतं. पंचनाम्याच्या वेळी मी ते हातात घेतलं तेव्हा मूठ तळव्यात नेमकी बसली, माझ्या रोजच्या पिस्तुलासारखी. मला काय वाटलं ते मला नीट आठवतं. मी ते लगेच पंचांसमोर कापडावर ठेवलं आणि हात पुसला.

वरातीतल्या कुणी काही पाहिलं नव्हतं. अशा वेळी सगळे जेवत असतात. नंतर पानटपरी चालवणाऱ्या आमच्या खबऱ्याने एक टीप दिली: "लोणखेडाना लेथवाला मिस्तरी घोडा बनाडस, साहेब."

मुंबईत घोडा म्हणजे पिस्तूल. गुन्हेगार तेच म्हणतात, पोलीसही तेच म्हणतात. मी दुसरा अर्थ शोधायच्या भानगडीत पडलोच नाही. त्याच दिवशी मिस्तरीला चहाच्या टपरीवरून उचललं. पंपाचे, ट्रॅक्टरचे भाग करून देणारा पन्नाशीचा माणूस, तोंडाने वाचाळ. जीपमध्येही ड्रायव्हरला सांगत होता, "तुन्हा गाडीना बेअरिंग गया शे भो. आवाज ऐक."

चौकशी माझ्या खोलीत झाली. मिस्तरी, जबाब लिहायला हवालदार आणि मी. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"हा घोडा कुणी बनवला?"

तो वाकला. डोळे बारीक करून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"हाऊ घोडा? हाऊ तं मीच बनाडा. मन्हा हातनं काम मी डोया झाकीसन बी वळखस."

"असे किती बनवलेस?"

"मोजेल नईत साहेब. बराच व्हतीन."

"कुणाकुणाला दिलेस?"

"ज्यासना मोडना त्यासले. तुमना मोडी ग्या व्हई तं लई या, करी देसू."

हवालदाराने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलले. आरोपी माझी टिंगल करतो आणि माझा माणूस हसतो, एवढंच मला दिसलं. मी उठून मिस्तरीच्या कानाखाली मारली. त्याने गालावर हात ठेवला. तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू कुठलं काम बिघडलं ते त्याला समजत नव्हतं.

"शेवटचा कुणाला दिलास?"

"केळीवाला दादाले," तो हळू म्हणाला. "त्यासनी कागदना नमुना आना व्हता. आजोबानी बंदूकले बसाडना शे म्हने."

आता इथे थांबतो. कारण इतकी वर्षं मी हा भाग गाळत आलो.

हवालदाराचं पेन कागदावर टेकलं होतं. मी म्हणालो, "ते लिहू नको."

"साहेब, त्यानी नाव लिधं ना."

"आरोपी मोठ्या माणसांची नावं घेतातच. 'घोडा मीच बनवला' एवढं पुरे आहे. पुढे चल."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची ओळ लिहिली. 'सदर घोडा मी स्वतः तयार केला आहे.' पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे प्रत्येक शिपायाला माहीत असतं. पण तपासाला दिशा तिथूनच मिळते आणि मी दिशा देऊन मोकळा झालो होतो. शस्त्र कायद्याखालच्या गुन्ह्यात अटक, दुकानाला सील, पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. पत्रकारांसमोर त्याला तोंडावर काळं फडकं घालून उभं केलं. पिस्तूल बनवणारा कारागीर जेरबंद, अशी बातमी आली. वरिष्ठांनी फोन करून शाबासकी दिली.

त्याची बायको रोज ठाण्यात यायची. कोठडी होती तोवर डबा घेऊन, नंतर रिकाम्या हाताने. पायरीवर बसायची आणि मी बाहेर पडलो की उठून एकच वाक्य म्हणायची.

"साहेब, त्यासनी घोडा बनाडा, बंदूक नई बनाडी."

"बाई, घोडा म्हणजेच बंदूक."

"नई ना साहेब. घोडा म्हंजे घोडा."

शिपायांत तो विनोद झाला. कुणी काही विसरलं की दुसरा म्हणायचा, "घोडा म्हंजे घोडा." मीही त्यात हसलो आहे. अडाणी बाई नवऱ्यासाठी शब्दांचा खेळ करते, असं मी एकदा दादाकडेच जेवताना सांगितलं होतं. तोही हसला होता. त्याला अर्थ ठाऊक होता, हे मला नंतर कळलं.

पावसाळा सरता सरता निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायला लागल्या. म्हसावदकडचा एक म्हातारा शेतकरी आपली ठासणीची बंदूक बाळासारखी आडवी धरून आला. जमा करून घेणाऱ्या शिपायाला बजावत होता, "सांभाळी ठेव भाऊ. घोडा ढिला शे."

मी तिथेच उभा होतो. "बाबा, काय ढिलं आहे?"

"घोडा, साहेब. हाऊ देखा." त्याने बंदुकीवरच्या एका लहानशा लोखंडी तुकड्यावर अंगठा ठेवला. चाप ओढला की जो बार उडवणाऱ्या टोपीवर आपटतो, तो तुकडा. "पयला मोडना व्हता. लोणखेडाना मिस्तरीनी नवा करी दिधा. आते तो तठे नई, तुम्हीन धरी लई गयात."

मिस्तरीने टेबलावरच्या पिस्तुलात ओळखला होता तो एवढाच तुकडा. माझ्या गावाकडेही त्याला घोडाच म्हणतात. लहानपणी मी तो शब्द त्याच अर्थाने ऐकला होता. मुंबईने मला तो विसरायला लावला, असं म्हणायला मला आवडलं असतं.

मी हवालदाराला खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"घोडा म्हणजे काय, तुला माहीत होतं?"

"म्हाईत व्हतं साहेब."

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीस?"

टोपीची कड चाचपत तो म्हणाला, "बोलनार व्हतू. पन तुम्हीन दादानं नाव लिखू दिधं नई. मंग मले वाटनं, साहेबले हाऊच अर्थ पाह्यजे."

त्याच्यावर रागवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. त्याने माझं म्हणणं बरोबर ओळखलं होतं, मी स्वतः ओळखण्याच्या आधी.

दुसऱ्या दिवशी झडतीचं वॉरंट घेऊन मी दादाच्या शेडमागच्या खोलीत गेलो. या वेळी फडकं मी ओढलं. दुसरं एक पिस्तूल अर्ध्यावर होतं, त्याच शिसवीची मूठ कापून ठेवलेली. पहिलं त्याच्या पुतण्याने न विचारता वरातीत मिरवायला नेलं होतं, हे दादाने शांतपणे सांगून टाकलं.

"मी कुणाला मारायला बनवलं नव्हतं साहेब. शौक आहे. तुम्हाला तर माहीतच होतं."

"मला माहीत नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. "नव्हतं."

त्याने तेवढं मान्य केलं, हा त्याने माझ्यावर केलेला उपकार होता, आणि मी तो घेतला. काका-पुतण्याला अटक केली. चांगला वकील आला, दोघेही लवकरच जामिनावर सुटले. गावात परतल्यावर दादाला भेटायला माणसांची रांग लागली होती. आजही तो कार्यक्रमांना पाहुणा म्हणून जातो. हातांत कसब असलेला माणूस, असं त्याचं कौतुकही होतं. मिस्तरीच्या हातांत तेच कसब होतं, तेव्हा मी त्याला गुन्हेगार म्हटलं होतं.

मिस्तरीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मीच न्यायालयात पाठवला. कारण काय द्यायचं यावर मी बराच विचार केला. शेवटी लिहिलं, 'स्थानिक बोलीतील शब्दाच्या अर्थाबाबत गैरसमज झाल्याने.' तो अहवाल सगळ्यांना पटला. वरिष्ठ म्हणाले, भाषेचं असंच असतं. मिस्तरी सुटला तेव्हा सील काढलेल्या दुकानात पत्र्यातून गळलेल्या पाण्याने लेथ गंजून गेली होती. पोलिसांनी नेलेल्या माणसाकडे पंपाचं काम टाकायला कुणी येईना. जोडप्याने लोणखेडं सोडलं. तो नंदुरबारला दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रोजाने लागला, ती मिरची वाळवण्याच्या पथारीवर देठं खुडायला जाऊ लागली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारत, तेव्हा मी स्थानिक भाषा शिका असं सांगायचो. ते सांगणं चूक नाही. पण जबाब बिघडतो तो बहुतेक वेळा न समजलेल्या शब्दामुळे नाही. समजलेला शब्द आपल्याला नको असतो, म्हणून तो बिघडतो. अधिकाऱ्याची ज्या घरात ऊठबस असते, त्या घराचं नाव त्याला ऐकू येत नाही. मी भ्रष्ट नव्हतो. एका चांगल्या खोलीत बसून चहा प्यायची सवय लागली होती, एवढंच. तेवढं पुरलं.

गेल्या हिवाळ्यात मी नंदुरबारला गेलो. पथारीवर लांबवर लाल मिरची पसरलेली होती आणि तोंडाला फडकी बांधलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. ठसक्याने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिथे प्रत्येकाच्याच डोळ्यांतून वाहतं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मिस्तरीच्या बायकोने मला ओळखलं, पण हात थांबवले नाहीत.

"बठा साहेब. कसा काय उनात?"

"तुमची माफी मागायला."

"मन्ही कसाले? त्यासनी मागा."

"त्यांच्याकडे संध्याकाळी जाणार आहे. आधी तुमच्याकडे आलो. खरं काय ते रोज येऊन तुम्ही सांगत होता."

"ते व्हई गयं. भाषाना घोटाया व्हता, त्यासनी सांगं मले. कोर्टना कागदमा बी तेच शे."

तीही तेच धरून चालली होती. मी मान हलवून परत आलो असतो तर तिने मला निरोपही बरा दिला असता. शेजारची बाई फडकं खाली ओढून ऐकत होती. मी तिथेच मिरच्यांच्या कडेला खाली बसलो.

"भाषेचा घोटाळा नव्हता, ताई. त्यांनी दादाचं नाव पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हवालदार लिहीत होता. मी लिहू दिलं नाही, कारण तो माझा मित्र होता. कागदात मी खोटं लिहिलं. तुमचं घर माझ्या अडाणीपणामुळे नाही, माझ्यामुळे मोडलं. मला माफ करा."