पाहुण्यांच्या दिवशी आलेला निरोप

आमच्या हायस्कुलात जर्मनीहून विद्यार्थी येणार हे ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी मुलींच्या मुतारीला दार लागलं. चार वर्षं आम्ही त्या दारासाठी अर्ज करत होतो. पाहुण्यांनी न मागताच ते एका दुपारीत बसलं. मग झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, भिंतींवर सुविचार, लेझीमच्या मुलींना नव्या रिबिनी. करमाडची आमची शाळा म्हणजे पत्र्याच्या आठ खोल्या आणि एक फोन. आठ दिवसांत ती इतकी नटली की आम्हालाच ओळखू येईना.

पाहुणे सहा मुलं-मुली आणि त्यांच्या एक बाई. मुक्काम औरंगाबादला, पण रोज दिवसभर आमच्या शाळेत. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एकेका विद्यार्थ्याच्या घरी जेवायचं होतं. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्यातल्या दोघांनी तीन आठवड्यांसाठी त्यांच्याकडे जायचं, खर्च त्यांचा. त्या दोघांची निवड त्यांच्या बाई करणार होत्या आणि त्या सहाही घरी फिरून पाहणार होत्या. हेडमास्तरांनी आम्हा सहाजणांना ऑफिसात उभं करून सांगितलं, "घरात काही रडगाणं दिसायला नको. भांडण नको, आजारपण नको, उधारीवाला दारात नको. हसतं घर दिसलं पाहिजे. ज्याचं घर हसतं त्याचा नंबर."

मी नववीत होते. मला ते जाणं हवं होतं. किती हवं होतं हे सांगायला आजही लाज वाटते. मी तोवर जालन्याच्या पुढे फक्त मामाच्या गावी गेले होते. वर्गात पहिला नंबर माझा, इंग्रजी धडाधड वाचणारी मी, आणि पुढच्या दोन वर्षांत मला कुठल्या तरी घरात उजवून टाकणार हे मला स्वच्छ दिसत होतं. विमानात बसून आलेल्या मुलीला असं सहज कुणी उजवत नाही, असं माझं गणित होतं. त्या गणितापायी मी आईशी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यातलं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

जेवणाच्या दिवशी आई पहाटेपासून पुरणाला लागली होती. वडील वाळूजला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले, चारशिवाय येणार नव्हते. साडेअकराला मी पाहुणीला आणायला शाळेत गेले. ऑफिसच्या दारात क्लार्क सरांनी मला थांबवलं आणि फीच्या गुलाबी पावतीच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी हातात दिली. मामाच्या गावाकडून फोन आला होता. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून आईनं माहेरी शाळेचाच नंबर देऊन ठेवला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मामा सिरियस. आईला घेऊन ताबडतोब निघणे.'

आमच्याकडे माणूस गेल्याचा निरोप गेला असं म्हणून देत नाहीत. ऐकणारा रस्त्यात कोसळू नये म्हणून सिरियस म्हणतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मलाही होतं. क्लार्क सर माझ्याकडे बघायचं टाळत होते, त्यावरूनही कळलंच. ते एवढंच म्हणाले, "पोरी, थांबू नको. बहिणीसाठी ठेवतेत, पण दिवस लहान हायेत."

हिवाळ्याचे दिवस. सूर्य सहाला बुडायचा, आणि बुडाल्यावर आमच्यात अग्नी देत नाहीत. मामाचं गाव अंबडच्या पुढे. करमाडहून जालना, जालन्याहून अंबड, तिथून काळीपिवळी जीप, असे साडेतीन तास. बाराला निघालो असतो तर चारच्या आत पोचलो असतो.

मी चिठ्ठी मुठीत धरली आणि पाहुणीला म्हणाले, "कम."

ती माझ्याच वयाची, पिवळ्या केसांची, फार गोड मुलगी होती. तिच्या बाईही बरोबर निघाल्या, आमचं घर त्यांच्या यादीत पहिलं होतं. घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. त्या वाटेवर मी स्वतःला काय काय सांगितलं ते सगळं आठवतं. जेवण तासाभराचं तर आहे. पाहुण्यांना दारातून परत कसं पाठवायचं? सिरियस म्हणजे खरंच सिरियसही असू शकतं. माणसाला खोटं बोलायला दुसरं कुणी लागत नाही.

दारात आईनं दोघींच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं. शेजारच्या बायका कुडाच्या फटीतून बघत होत्या. ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडई, भजी. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरच्या लेकीनं त्या दिवशी चुलीवर कढई चढवायची नसते. माझी आई तळत होती, आणि मी तव्याजवळ उभी राहून तिला पोळ्या उलटायला मदत करत होते. चिठ्ठी डाव्या मुठीत घामानं भिजली होती.

पाहुणीनं आमटीची वाटी उचलली आणि चहासारखी तोंडाला लावली. तिखट लागलं, नाकाडोळ्यांतून पाणी, तरी वाटी खाली ठेवेना. आई हसायला लागली. माझी आई चारचौघांत तोंडाला पदर लावून हसणारी बाई, पण त्या दिवशी तोंड उघडं टाकून, मागे रेलून हसली. पाहुणीच्या बाईंनी तेवढ्यात फोटो काढला.

त्या तासाभरात जाणार कसल्या. बाईंनी चूल पाहिली, जातं फिरवून पाहिलं, वहीत टिपून घेतलं. आईनं पाहुणीची खणानारळानं ओटी भरली. मला दर पाच मिनिटांनी वाटायचं, आता सांगावं. आणि दर पाच मिनिटांनी वाटायचं, आता एवढा वेळ गेलाच आहे. त्यांना शाळेत पोचवून मी परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते.

आई भांडी घासत होती. मला बघून म्हणाली, "झालं ना गं नीट? काय म्हणल्या त्या बाई?"

मी चिठ्ठी पुढे केली. म्हणाले, "आत्ता दिली क्लार्क सरांनी."

आई चौथी शिकलेली. तिनं दोनदा वाचलं. राखेचे हात बादलीत बुडवले. मग शेजारणीला दार लावायला सांगून, होती त्या जरीच्या लुगड्यानिशी निघाली. एसटीत तिनं मला एकच विचारलं, "दिवस किती राहिला असंल?"

करमाडच्या स्टँडवर पहिली गाडी थांबलीच नव्हती. अंबडला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. मामाच्या गल्लीच्या तोंडाशी बायकांनी आईला पाहिलं आणि हंबरडा फोडला. तेव्हाच समजलं, उरकलं. पुरुषमाणसं अंघोळी करून, लिंबाचा पाला चावून ओट्यावर बसली होती. मामा सकाळी शेतातली मोटार चालू करायला गेला होता. करंट उतरला होता आणि पाय ओल्यात होते. आईचा एकुलता एक भाऊ.

मामीनं आईच्या गळ्यात पडून सांगितलं, "वन्सं, लई वाट बघितली ओ. तुमच्यासाठी तोंड झाकलं नव्हतं. बहिणीच्या हातचं पाणी राहिलंय म्हणून कुणाला उचलू देत नव्हते मी. दिवस पार बांधाला टेकला, मग माझं कुणी ऐकलं नाय."

आई म्हणाली, "निरोपच उशिरा आला, बाई."

तेरा दिवस ती हेच म्हणत होती. येईल त्याला तेच. आणि त्या तेरा दिवसांत आळ आला मामीच्या भावावर. फोन करायला अंबडला तोच गेला होता. लोक म्हणाले, हॉटेलात बसला असेल, आधी चहा झोडला असेल. तो बिचारा पोरांच्या शपथा घेत सांगत होता, "अकराच्या सुमारालाच लावला व्हता फोन. मास्तर बोलला माझ्याशी." कुणी मानलं नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. आई त्याच्याकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी उठून पाणी आणायला गेले.

दोन महिन्यांनी जर्मनीहून पाकीट आलं. माझा नंबर लागला होता. हेडमास्तरांनी आईला शाळेत बोलावून नारळ दिला आणि पाकिटातून आलेला फोटो तिच्या हातात ठेवला. म्हणाले, "ताई, काय सुरेख हसलात! या फोटोवरच जमलं सगळं."

आई फोटोकडे बघत राहिली. तिच्या खांद्यावरून मीही पाहिलं. आई हसते आहे, समोर वाफा निघणारं ताट, पाहुणीच्या ओठाला वाटी. मागे तव्याजवळ मी. उजव्या हातात उलथणं, आणि डाव्या मुठीतून बोटभर बाहेर आलेला गुलाबी कागद. हेडमास्तर बोलत होते, आई मान हलवत होती.

घरी आल्यावर तिनं नारळ देवापुढे ठेवला. चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "तुझ्या मामीचा भाऊ खोटं बोलत नव्हता."

"नाही."

मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं, ती मारणारी बाई होती. मी रडायला लागले, म्हणाले, "मी नाही जात. सरांना सांगते, दुसऱ्या कुणाला पाठवा."

"जा," ती म्हणाली. "आता तर जायचंच. नाय गेलीस तर माझ्या भावाचं तोंड म्या फुकट हुकवलं असं व्हईल."

पुढे त्या विषयावर ती कधी बोलली नाही. मामीच्या भावावरचा आळही तसाच राहिला. तो पुसायचा तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. आईनं घेतलं नाही, आणि मी तर नाहीच.

मी गेले. विमान, बर्फाचे डोंगर, सगळं पाहिलं. पाहुणीच्या घरी स्वयंपाकघरात जेवायच्या टेबलासमोर तोच फोटो चौकटीत लावलेला होता. तीन आठवडे रोज सकाळी मी त्याच्या समोर बसून पाव खाल्ला. तिची आई कौतुकानं म्हणायची, किती आनंदी घर आहे तुमचं. मी येस म्हणायचे. मला माझीच किळस यायची, आणि तरी दुपारी फिरायला जायचं म्हटलं की मी सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार असायचे. हेही खरंच आहे.

परत आले त्या दिवशी गल्लीतल्या बायका जमल्या. विमानात काय देतात, तिकडे शेण असतं का, बाया कपाळाला काय लावतात. आई मागे बसून ऐकत होती. सगळ्या गेल्यावर भांडी गोळा करता करता तिनं विचारलं, "तिकडं माणूस गेलं की किती येळ ठेवतेत?"

मी होते तेवढ्यात पाहुणीच्या शेजारचे एक आजोबा वारले होते, त्यामुळे मला माहीत होतं. खोटं सांगावंसं वाटलं. पण तिच्याशी आता खोटं बोलायचं नव्हतं.

"आठ दिवस," मी म्हणाले. "थंड जागा असते. सगळे पाहुणे आल्यावरच नेतात."

आईच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

"आठ दिवस," ती म्हणाली. "मंग पोचत असतील बहिणी."

आणि ताट घेऊन मोरीकडे गेली.