पुढच्याचा हात

इतकी वर्षं झाली, पण ती सकाळ डोक्यातून काही जात नाही. खात्यात मी तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, देवळातल्या मूर्ती चोरणारे पाहिले. कोणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की मी चोरांच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेतो. ही सांगत नाही. हिच्यात चोर नाही, आणि पोलीस कसा होता ते शेवटी कळेलच.

आमचं घराणं तंजावरचं, पण मी जन्मलो, शिकलो आणि चाकरी केली ती मद्रासला. पन्नासचं दशक होतं. शहराच्या दक्षिण हद्दीवरच्या एका ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. हद्दीतून जाणारा हमरस्ता म्हणजे मधोमध डांबराची पट्टी आणि दोन्ही बाजूंना लाल माती आणि चिंचेची झाडं. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की दोघींनी एकेक चाक मातीत उतरवायचं. तशा रस्त्यावर पुढच्या गाडीला मागे टाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणून लॉरीवाल्यांनी आणि बसवाल्यांनी आपसांत एक रीत पाडली होती. मागच्यानं हॉर्न द्यायचा. पुढच्यानं समोरचा रस्ता बघायचा, मोकळा असेल तर उजवा हात खिडकीबाहेर काढून पुढे हलवायचा, म्हणजे 'ये'. मोकळा नसेल तर पंजा मागे करून धरायचा, म्हणजे 'थांब'. पुढे निघून गेल्यावर मागच्यानं एकदा हलकेच हॉर्न वाजवून उपकार मानायचे. समोरून येणाऱ्याला तर ओळख असो नसो, हात उचलून नमस्कार ठरलेलाच. ही रीत कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, पण आमच्या कायद्यापेक्षा जास्त पाळली जायची.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सायकलवरून एक माणूस धापा टाकत ठाण्यात आला. तळ्याजवळच्या वळणावर बस आणि लॉरीची टक्कर झाली होती. मी आमच्या हेड कॉन्स्टेबलना, लोक त्यांना एट्टय्या म्हणत, दोन शिपाई देऊन रवाना केलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडून ठाण्याची तपासणी व्हायची होती आणि रजिस्टरं अपुरी होती. मी खुर्चीत बसून रजिस्टरं पुरी करत राहिलो.

चार माणसं गेली. बस मद्रासकडे येत होती. बसनं पुढच्या गाडीला मागे टाकायला उजवी बाजू घेतली, वळणावरून समोर लॉरी आली, ड्रायव्हरनं बस आणखी उजवीकडे मातीत घातली आणि लॉरीनं बसची डावी बाजू फाडून काढली. समोरच्या लॉरीच्या ड्रायव्हरचा पाय मोडला. बसच्या ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नव्हतं. जमावानं त्याला तिथेच संपवला असता. एट्टय्यांनी त्याला कसाबसा व्हॅनमध्ये कोंबून ठाण्यात आणला.

संध्याकाळी पंचनामा माझ्या टेबलावर आला. त्यात गाड्या दोनच, बस आणि समोरची लॉरी. खाली ठाणे अंमलदार, म्हणजे मी, जागेवर जातीनं हजर असल्याचं ठरावीक वाक्य होतं. मी सही केली. एट्टय्यांबरोबर बारा वर्षं काम केलं होतं. त्यांचा कागद मी कधी वाचत नसे.

बसचा ड्रायव्हर चाळिशीचा, काळा, हाडकुळा माणूस. इतक्या वर्षांत त्याच्या नावावर साधी तक्रार नव्हती. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल झाला. त्यानं लगेच कबुली दिली. "चूक माझी आहे, सार. लिहून घ्या." दुसऱ्या दिवशी त्याचा मेहुणा जामीन राहिला. तेव्हापासून तो रोज सकाळी हजेरीला यायचा, सही करायचा आणि तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. त्याची बायको फाटकाबाहेर उभी असे. आरोपी कबूल, कागद पुरे, तपासणी पार पडलेली. मला आणखी काय हवं होतं?

पाचव्या दिवशी शहरातल्या तिरुवल्लिकेणीहून एक बाई आल्या. मुलींच्या शाळेत शिकवत होत्या, साठीच्या आसपास, कपाळाला पट्टी. टेबलावरच्या पाटीवर त्यांनी माझं नाव वाचलं आणि तमिळ सोडून आमच्या तंजावरी मराठीवर आल्या.

"तुम्ही आमच्यातले की? मग मराठींतच सांगतें. मी त्या बसांत होतें. ड्रायव्हराच्या मागेंच बसलें होतें."

"अक्का, आरोपीनं कबूल केलंय सगळं," मी म्हणालो.

"काय कबूल केला? पुढच्या लारींतून हात बाहेर आला, तें सांगिटला का? ये, ये म्हणून बोलाविला. मग ह्यानें बस काढिला. लारीवरून पेंढा सांडत होता. रस्ताभर पेंढा!"

मी पंचनामा काढला. कुठली पुढची लॉरी, कुठला पेंढा! मला कागद उलटसुलट करताना पाहून बाईंचा आवाज खाली आला.

"मी आधी बायकांच्या बाजूला बसलें होतें, सावलींत. एक म्हातारी पाट्टी चढली, पायांत जोर नाहीं. तिला माझी जागा देऊन मी उन्हांत येऊन बसलें. पाट्टी गेली, आणि मी ही अशी बसलें आहें."

त्यांना पाणी दिलं, जबाब लिहून घेतला. एट्टय्यांना विचारलं, तर ते म्हणाले, जमाव आवरताना पेंढ्याकडे कोण बघणार. मग मी पहिल्यांदा जागेवर गेलो. पाच दिवस उलटून गेले होते. रस्ता स्वच्छ होता. पेंढा असलाच तर वाटेवरच्या गुरांनी तो केव्हाच खाल्ला होता. पुरावा गुरांनी खाल्ल्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करतात, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला आत घेतलं.

"पुढे पेंढ्याची लॉरी होती?"

"नव्हती, सार."

"त्यानं तुला हात दाखवला?"

"कोणी हात दाखवला नाही."

दोन तास मी तेच विचारलं, त्यानं तेच सांगितलं. शेवटी माझा तोल गेला आणि मी त्याला दोन थोबाडीत ठेवून दिल्या. गुन्हा कबूल कर म्हणून मारणारे पोलीस पुष्कळ झाले. तू एकटा गुन्हेगार नाहीस हे कबूल कर म्हणून मारणारा मीच असेन. आज लाज वाटते.

तो गाल चोळत म्हणाला, "सार, हात दाखवणाऱ्याला तुम्ही पकडायला लागलात तर उद्या हात कोण दाखवेल? एवढा भारा लादलेल्या लॉरीच्या मागे आम्हाला काही म्हणजे काही दिसत नाही. पुढच्याचा हात हेच आमचे डोळे. माझ्यासारखे किती जण ह्या क्षणी त्या हातावर गाडी घालत असतील, त्यांचं काय करायचं?"

म्हणजे लॉरी होती. पण हे तो जबाबात लिहू देईना. मोडलेल्या पायाचा ड्रायव्हर हॉस्पिटलमध्ये होता, त्यालाही विचारलं. "मी बसशिवाय काही पाहिलं नाही," एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून पडला. ह्या लोकांची एकी म्हणजे तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत.

मग मी वर्दी उतरवली. धोतर नेसून, खांद्यावर पंचा टाकून हमरस्त्यावरच्या एका चहाच्या दुकानात जाऊन बसलो. मद्रासच्या गवळीवाड्यांना पेंढा पुरवणाऱ्या लॉऱ्या तिथेच थांबत. माझ्याजवळ ना नंबर होता, ना रंग. नुसतं बघत राहायचं, एवढंच हातात होतं. पोलिसाला बोलणारी माणसं हवी असतात. पण न बोलणाऱ्यांकडे नीट बघितलं तर तीही पुष्कळ सांगतात.

दोन सकाळी काही हाती लागलं नाही. गाड्या येत होत्या, जात होत्या, हात उचलले जात होते. तिसऱ्या दिवशी पेंढ्याची एक लॉरी दक्षिणेकडून आली. तिच्या ड्रायव्हरनं समोरून येणाऱ्या बसला हात उचलला. बसवाल्यानं उचलला नाही. मागून आलेल्या लॉरीलाही त्यानं हात केला, तोही वाया गेला. त्यानं गाडी उभी केली आणि चहा घेऊन बाकावर बसला. बाकावरचे तिघे ड्रायव्हर आपले अर्धे पेले हातात घेऊन उठले आणि उन्हात जाऊन उभे राहिले. कोणी शिवी दिली नाही, कोणी थुंकलं नाही.

समोरच्या लॉरीवाल्यानं हॉस्पिटलमध्ये मला जे सांगितलं नव्हतं, ते भेटायला आलेल्या आपल्या माणसांना सांगितलं होतं. माझा तपास चालू होता तेव्हा त्यांचा निकाल लागूनही गेला होता.

मी त्याच्याशेजारी बसलो. "तळ्याजवळच्या वळणावर त्या दिवशी तूच होतास," म्हणालो. तिशीचा, धिप्पाड गडी. त्यानं माझ्या केसांच्या ठेवणीवरून पोलीस ओळखला असावा. पेला खाली ठेवून तो हमसून रडायला लागला.

"या, सार. न्या मला. तुम्ही तरी न्या."

ठाण्यात त्यानं सगळं सांगितलं. भाऱ्याची दोरी सैल झाली होती, पेंढा उडत होता. मागून बसवाला हॉर्न देत होता. बस एकदा पुढे गेली की गाडी बाजूला घेऊन दोरी आवळू, असं त्यानं ठरवलं. नजर आरशात, दोरीवर. हात बाहेर काढून हलवला तेव्हा त्यानं समोर पाहिलंच नव्हतं. नंतर जे झालं ते आरशात दिसलं. जमावाच्या भीतीनं थांबला नाही. "मी हात दाखवला, सार, पण बघितलं नाही," हे वाक्य त्यानं किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही.

वरिष्ठ म्हणाले, हात हलवणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसवणार? त्याला साक्षीदार करा. मी केलं. हिशेब सरळ होता. दोष बसवाल्याचा राहणारच, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. पण पुढच्यानं बोलावलं होतं हे सिद्ध झालं तर शिक्षा नाममात्र होईल, कदाचित दंडावर भागेल आणि लायसन्सही वाचेल.

कोर्टात पेंढ्याच्या ड्रायव्हरनं अक्षर न गाळता साक्ष दिली. शिक्षिकाबाईंनीही दिली. बसचा ड्रायव्हर पिंजऱ्यातून म्हणाला, "कोणी हात दाखवला नाही. चूक माझी." मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं.

आरोपीचे वकील तरुण होते, पण हुशार. त्यांनी पंचनामा वर धरला. "ह्यात तिसऱ्या गाडीचा उल्लेख नाही. पेंढ्याचा नाही. खाली लिहिलंय की तुम्ही जातीनं हजर होता. खरंच हजर होता का?"

'नाही' म्हणालो असतो तर पंचनामा कोसळला असता, दोन साक्षी उभ्या राहिल्या असत्या आणि माझी नोकरी गेली असती. खोट्या कागदावर सही करणाऱ्याला खातं ठेवत नाही. घरी आई होती, तीन मुलं होती. हे मी आत्ता सावकाश लिहितो आहे. तेव्हा विचार करायला एक श्वाससुद्धा लागला नाही.

"होय, हजर होतो," मी म्हणालो.

मग पुढचं सरळ होतं. ठाणे अंमलदार डोळ्यांनी पाहतो की रस्त्यावर पेंढ्याची काडी नाही, आरोपी स्वतः म्हणतो लॉरी नव्हती. म्हणजे लॉरीवाला आपल्या जातभाईला वाचवायला खोटं बोलतो आहे, आणि बाईंच्या डोक्याला मार लागलेला. चौदा महिने सक्तमजुरी. लायसन्स कायमचं रद्द.

बाहेर व्हरांड्यात शिपाई त्याला बेडी घालत होते. पेंढ्याचा ड्रायव्हर धावत येऊन त्याच्या पाया पडला. "अण्णे, मी खरं सांगितलं. तू का नाही सांगितलंस?"

"तू समोर बघितलं होतंस?" ह्यानं विचारलं.

"नाही, अण्णे."

"मीही नाही. मी तुझा हात बघितला. पण माणसं माझ्या गाडीत बसली होती, तुझ्या नाही." त्यानं बेडीच्या हातांनी त्याला उठवलं. "गाडी सोडू नकोस. हात दाखवणंही सोडू नकोस. बघून दाखव, एवढंच."

मी खांबापाशी उभा होतो. मला ओलांडून जाताना तो थांबला. आवाजात राग नव्हता. रस्त्यात एखाद्याला तुझा मागचा दिवा बंद आहे म्हणून सांगावं, तसं तो बोलला.

"सार, त्या दिवशी एट्टय्या आले होते, तुम्ही नाही."

वकिलानं विचारलं तेव्हा तो आठ पावलांवर उभा होता. त्याला तेव्हाच माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर तो सुटला नसता, पण मी नोकरीतून गेलो असतो. ज्याच्या गालावर मी हात उचलला होता, त्यानं मला जाऊ दिलं नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी जागेवर गेल्याशिवाय एकाही पंचनाम्यावर सही केली नाही. हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला हेच शिकवलं, आणि 'कडक साहेब' म्हणून माझी वाहवा झाली. ह्या केसनं मला हे शिकवलं, असं लिहून थांबता आलं असतं. पण शिकलो मी आणि चौदा महिने काढले त्यानं. सुटून आल्यावर तो कुठल्याशा गोदामात हमाली करतो असं कानावर आलं होतं. गोदाम कुठलं ते मला सहज शोधून काढता आलं असतं. माणसं शोधणं हाच माझा धंदा होता. मी गेलो नाही.