सासूबाईंचं बोट

माझी थोरली सवत डोर्सिला हिचा जावई मेशॅक ओल्वांदे किसुमूच्या प्रयोगशाळेत मलेरिया ओळखणारी डबी बनवतो. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर टेकवायचा, चहा गाळेपर्यंत उत्तर हजर. काम चांगलं आहे, पण या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. लग्नात भेटला तरी आधी तुमच्या बोटाकडे बघणार. तो येताना दिसला की सरोवराच्या किनाऱ्यावरचे कोळी हात खिशात घालतात. हात मात्र त्याचा हलका, टोचलेलं कळतसुद्धा नाही. त्याचा तोराही भारी. ही डबी एकट्यानं वापरायची नव्हेच, टोचणारा दुसरा हवा आणि तोही शिकलेला, हे सांगताना त्याची छाती फुगायची.

हा टोचणारा दुसराच एकदा नडला.

डबीची चाचणी घ्यायला तो आमच्याकडे, होमा बेच्या बाजूला आला होता. त्याच्यासोबतची माणसं पलीकडच्या गावात अडकलेली. इकडे डोर्सिला तापानं फणफणलेली. आमच्यात ताप म्हणजे मलेरिया, त्यात विचारायचं काय! दुकानातल्या गोळ्या ती खात होती आणि ताप हटत नव्हता. धाप लागली तरी बाई "उतरेल गं" म्हणत पडून.

मेशॅक अंगणात आला आणि तिथंच थबकला. आमच्यात जावई सासूच्या हाताला हात लावत नाही, तिच्या खाटेपाशी तर पाऊलही टाकत नाही. मी धाकटी सवत, म्हणजे मीही त्याची सासूच. साऱ्या जिल्ह्याची बोटं टोचणारा गडी आंब्याखाली पाठ फिरवून उभा राहिला आणि सुई आली माझ्या हाती.

"धाकट्या आई, बोटाच्या कडेला टोचा. जोरात दाबू नका!" तो बाहेरून ओरडला.

"मग रक्त काय बोलावल्यावर येणार?" मी आतून.

थेंब मोठा पडला, डबीनं लाल दिवा दाखवला, म्हणजे पट्टी वाया. दुसरी पट्टी घेतली, तर थेंब चादरीवर.

"अगं, बोट आहे ते! मासा साफ करतेस का?" डोर्सिला धापा टाकत म्हणाली.

"आईंना सांगा, जरा सोसा."

"जावईबापूंना सांग, सोसतेय. पण हिच्या हातून मरण्यापेक्षा तापानं मेलेलं बरं."

मध्ये एवढीशी मातीची भिंत. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, तरी निरोप्या मी! शेवटी तिनं माझ्या हातून सुई हिसकावली, स्वतःच टोचून घेतलं आणि थेंब नेमका शेवटच्या पट्टीवर बसवला.

"मलेरिया नाही म्हणतेय डबी," मी वाचलं.

डोर्सिला खवळली. "सांग त्यांना, डबी खोटी आहे. मला मलेरियाच झालाय. मी कुठं जायची नाही."

 बाहेरून मेशॅकचा आवाज आला. "आईंना सांगा, आजार दुसराच आहे. आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला. माझी डबी चुकली तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"तसंही कुठं दाखवतात!" म्हणत ती हसली, हसता हसता खोकली, आणि उठून बसली.

भाड्याची मोटरसायकल आली. चालक, मागे डोर्सिला, तिला धरून मी. आमच्याकडे चौथाही बसतो, पण सासवांना खेटून जावई कसा बसेल? तो मागून धावत निघाला. पोचला तेव्हा धुळीनं माखलेला, शहरातले गुळगुळीत बूट हातात.

"फुप्फुसांना सूज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी त्याच गोळ्या गिळत बसल्या असत्या तर हातच्या गेल्या असत्या." मेशॅक व्हरांड्यात खाली बसला आणि हमसून हमसून रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

डोर्सिला बरी होऊन घरी आली. त्यानं मात्र डबी मोडून नव्यानं बांधायला घेतली. त्यात दोन पावसाळे गेले. आता सुई डबीतच असते. खोबणीत बोट ठेवून दाबलं की थेंब लहान पडो की मोठा, काम होतं. कुणा दुसऱ्याची गरज नाही. वरच्या साहेबांना त्यानं सांगितलं, होडीत एकट्यानं राहणाऱ्या कोळ्यांची सोय केली. साहेबांनी पाठ थोपटली. आम्ही गालातल्या गालात हसलो.

पहिली नवी डबी त्यानं डोर्सिलाच्या उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरला. पोटच्या पोरांनीही आईला इतकं जपलं नसतं. आणि या माणसानं अजून तिच्या हाताला हात लावलेला नाही.