बाईंनी झोपून निवडलेला पलंग

अर्ध्या गावाला बाईंनी पोहायला शिकवलं, आणि त्या अर्ध्या गावात त्यांचे स्वतःचे यजमानही आले. यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. तिशीला आलेला हा गृहस्थ पाण्याला भलताच भ्यायचा. तलावाच्या कडेला घोरपडीसारखा चिकटून असायचा. "कड कुठे पळून जात नाही, सोडा तिला," असं बाईंनी पहिल्याच आठवड्यात सुनावलं, आणि वर्षाच्या आत दोघांचं लग्न झालं. आता चष्मेवाल्यांनी सत्तरी ओलांडली होती, पण बायकोचा विषय निघाला की अजूनही ते खुर्चीत जरा ताठ बसायचे.

बाईंना पार्किन्सन झाला तो चोरपावलांनी. आधी अक्षर बारीक होत गेलं. मग शिट्टी ओठांत धरली तरी फुंकर पुरी पडेना. हात थरथरायला लागला तेव्हा कुठे डॉक्टरांकडे जाणं झालं. बाईंनी आजाराचं नाव ऐकून घेतलं, गोळ्यांच्या वेळा विचारल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तलावावर हजर झाल्या. शिट्टीऐवजी टाळ्या वाजवून त्यांनी आणखी काही वर्षं शिकवलं. टाळ्याही दमल्या, तेव्हा घरी बसल्या.

दिवसा गोळीच्या जोरावर बरं चालायचं. खरी पंचाईत अंथरुणात होती. कुशीवर वळायचं म्हटलं तरी अंग सिमेंटच्या पोत्यासारखं जड व्हायचं. मग चष्मेवाले उठून त्यांना वळवायचे, उशी सारखी करायचे, उजाडलं की धरून बसवायचे. स्वतःची कंबर किती कुरकुरते आहे याचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. एका सकाळी मात्र बाईंना उठवताना कमरेत अशी उसण भरली, की ते बाईंना घेऊनच खाली बसले. लागलं कुणालाच नाही, पण उठता दोघांनाही येईना.

"आता गं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"आता बसायचं. पोरगं येईल की खाली."

वरच्या मजल्यावर राहणारा मुलगा पेपर द्यायला आला, तेव्हा आई-वडील पलंगाला पाठ टेकून शेजारी शेजारी बसले होते आणि आई कसलासा जुना किस्सा रंगवून सांगत होती. वडील कंबर धरून हसत होते. मुलाला हसू आलं नाही.

त्याच संध्याकाळी तो फोन पुढे करत आला. "आई, पलंग ठरवला. बटणावर वर-खाली होतो, पाठ उचलतो, चारी बाजूंनी उंच कठडे आहेत. पडायची भीतीच नाही. आज मागवला की परवा दारात."

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "पिंजरा छान आहे. पोपट कोण?"

"आई, चेष्टा नको ना."

"मग नीट ऐक. दुकानात चप्पल घेताना चार पावलं चालून बघतोस, आणि माझा पलंग फोटोवरून घेतोस? मी झोपून बघितल्याशिवाय काही मागवायचं नाही."

"अगं, मी सगळं वाचलंय."

"वाचलंस ते बरंच केलंस. पण झोपणार मी आहे."

मुलाने मदतीसाठी वडिलांकडे पाहिलं. चष्मेवाले चष्मा पुसत बसले. या बाईला कडेवरून मागे ओढायचं धाडस त्यांनी कधी केलं नव्हतं.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओने बाईंचीच बाजू घेतली. "उंच कठड्यांवरून माणूस कधी कधी चढून जायला बघतो, आणि मग जास्तच जोरात आपटतो," ती मुलाला म्हणाली. "यांना डोक्याकडच्या बाजूला धरून वळायला एक आखूड दांडा पुरे. पलंग इतका खाली यायला हवा की कडेवर बसल्यावर पावलं पूर्ण जमिनीला टेकतील. आणि इतका वर जायला हवा की काकांना वाकावं लागणार नाही."

"आणि दुकानात जायचं ते गोळीचा जोर उतरायला लागतो त्या वेळेला," बाईंनी जाहीर केलं.

"काहीतरीच काय!" चष्मेवाल्यांना राहवलं नाही. "तेव्हा तुला धड उभंही राहता येत नाही."

"म्हणूनच. बरं वाटत असताना मी दगडावरसुद्धा झोपेन. मला हवाय तो वाईट वेळेचा पलंग."

फिजिओने मान डोलावली. मग म्हणाली, "गोळी मात्र चुकवायची नाही. वेळ झाली की तिथेच घ्यायची. आणि चाकाची खुर्ची बरोबर ठेवा." चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला, पण मनात ते म्हणाले, हे दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं.

दुकान मोठं होतं, काठ्या, कुबड्या, खुर्च्या यांनी भरलेलं. दारातच बाईंचे पाय जमिनीला खिळले. त्यांचं नेहमी असंच व्हायचं. उंबरा किंवा अरुंद जागा आली की पाऊल उचलायचंच नाही. मागून येणारी माणसं खोळंबली. मुलगा खुर्ची उघडायला लागला, तेवढ्यात चष्मेवाल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, अगदी मोजून मापून. तिसऱ्या-चौथ्या टाळीला बाईंचा पाय सुटला आणि त्या आत गेल्या. काउंटरवरची माणसं टकामका पाहत होती. बाईंनी त्यांना मान झुकवून नमस्कारही करून टाकला.

पहिल्या पलंगाच्या रिमोटवर बटणं एकमेकांना चिकटलेली होती. बाईंचा थरथरता अंगठा भलतीकडेच पडला आणि पाय वर जायला लागले. "मी डोकं म्हणते, हा पाय उचलतोय. अगदी आमच्या चिरंजीवांसारखा आहे." दुकानदार हसला. दुसऱ्या पलंगाची पाठ उचलली गेली तशा बाई हळूहळू खाली घसरल्या आणि हनुवटी छातीला टेकली. तिसऱ्याचे गुडघे आधी थोडे वर यायचे, मग पाठ. त्यावर त्या जागच्या जागी राहिल्या. पण गादी लोण्यासारखी मऊ होती, अंग तीत रुतून बसलं.

"हीच सगळ्यात जास्त खपते," दुकानदार म्हणाला.

"खपू दे. मला जरा कडक दाखवा."

गादी बदलली. बाईंनी दांड्याकडे हात नेला. हात पोहोचायलाच केवढा वेळ लागला. बोटं दांड्याभोवती वळली, खांदा हलला, आणि मध्येच सगळं थांबलं. मुलगा पुढे झाला. चष्मेवाल्यांनी त्याचं मनगट धरलं. बाईंच्या कपाळावर घाम आला होता, ओठ हलत होते. त्या मनातल्या मनात आकडे मोजत होत्या. मग गुडघा कलला, त्यामागे कंबर आली आणि बाई कुशीवर वळल्या. स्वतःच्या स्वतः. चष्मेवाल्यांना चष्मा पुसायला रुमाल सापडेना.

"वीज गेली तर?" मुलाने विचारलं.

"शाब्बास," बाई कुशीवरूनच म्हणाल्या. "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

दुकानदाराने खालची बॅटरी दाखवली, चाकांचे ब्रेक दाखवले. आता ठरलंच असं सगळ्यांना वाटलं, तर बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही झोपा बघू त्या शेजारच्यावर."

"मी कशाला?"

"तुम्ही कुठे झोपणार मग?"

दुकानदार मध्ये पडला. "बरेच लोक पेशंटला वेगळी खोली देतात. काळजी घेणाऱ्याला तेवढीच झोप मिळते."

"माझं घोरणं ऐकल्याशिवाय यांचा डोळा लागत नाही," बाई म्हणाल्या. "या बाजूचा कठडा काढता येतो का?"

कठडा निघाला. चष्मेवाले बूट काढून, लाजत लाजत शेजारच्या पलंगावर आडवे झाले. दुकानदाराने दोन्ही पलंग भिडवले. बाईंनी बटण दाबून आपल्या पलंगाची उंची थोडी कमी केली, आणखी थोडी, आणि दोन्ही गाद्या एका पातळीवर आल्यावर हात पलीकडे टाकला. भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर, म्हातारा-म्हातारी छताकडे बघत पडून राहिली. मुलगा तोंड फिरवून उगाच काठ्यांच्या किमती वाचू लागला.

जुना डबलबेड गेला, कपाट बाहेरच्या खोलीत गेलं, आणि सुताराने चष्मेवाल्यांसाठी नव्या पलंगाला जुळेल अशा उंचीची खाट करून दिली. बाईंनी पलंगाचा सराव असा केला, जणू स्पर्धेत उतरायचं आहे. पाठ वर घ्यायची, पाय कडेला सोडायचे, पावलं टेकेपर्यंत पलंग खाली आणायचा, दांडा धरायचा, उभं राहायचं. मुलगा आणि फिजिओ दोन्हीकडून हात पसरून उभे असत.

महिन्याभराने एका सकाळी चष्मेवाल्यांना जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. ते धावत स्वयंपाकघरात गेले, तर बाई खुर्चीत बसलेल्या.

"चहा टाका," त्या म्हणाल्या. "इथवर आले. चहाचं मात्र आपल्याच्याने व्हायचं नाही."

चष्मेवाल्यांनी चहा टाकला. पाठ बाईंकडे होती म्हणून बरं.

पण आजार काही पलंगाला भिऊन पळत नाही. दोनेक वर्षांत बाईंना एकटीने उठणं जमेनासं झालं. मग पलंगाची वर जाण्याची सोय चष्मेवाल्यांच्या कमरेला कामी आली. "आता तुमची पाळी," बाई म्हणायच्या आणि त्यांच्या उंचीला पलंग आला की नाही ते स्वतः बघून घ्यायच्या. आवाज अगदी बारीक झाला होता, पण हुकूम जुनाच होता.

फिजिओ मग इतर पेशंटच्या घरच्या माणसांना बाईंकडे पाठवायला लागली. कुणी वडिलांसाठी यायचं, कुणी बहिणीसाठी. बाई त्यांना कोरडं सांगायच्या नाहीत. चष्मेवाल्यांचा आधार घेऊन खुर्चीत बसायच्या आणि पाहुण्यालाच पलंगावर झोपायला लावायच्या. "कडेला उभं राहून कळायचं नाही. पडा."

एकदा एक तरुणी आली. तिच्या नवऱ्याला पक्षाघात झालेला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलताना शब्द हरवायचे. नको नको म्हणत ती पडली. बाईंनी खुणेने सांगितलं तसं चष्मेवाल्यांनी आधी गुडघे उचलले, मग पाठ. "आता दांडा धरून वळून बघा," ते म्हणाले. पण ती गाढ झोपली होती.

चष्मेवाले तिला हाक मारणार, तोच बाईंनी त्यांची बाही ओढली आणि पांघरुणाकडे बोट केलं.