आमचे जपानी साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका जपानवर जीव लावलेला माणूस खुद्द जपानातही सापडेल असं मला वाटत नाही. ते जपानला कधी गेलेले नाहीत. जपान नेमका कुठे आहे असं विचारलं तर 'तिकडं, उगवतीला' एवढं म्हणून ते गावामागच्या टेकडीकडे हात करतात. त्या टेकडीपलीकडे कुठेतरी धुक्यात अबोल, नेमस्त, वेळेवर उठणारी माणसं राहतात आणि न्याहारी आटोपून जगातल्या सगळ्यात चांगल्या मोटारी तयार करायला बसतात, असं त्यांचं ठाम मत आहे. साताऱ्याहून कोरेगावला जाताना आत वळलं की त्यांचं गाव लागतं. फौजेत ड्रायव्हर म्हणून उमेदीची वर्षं काढून ते तिथे परतले, वाटणीच्या उसात लक्ष घालू लागले आणि पंचक्रोशीत कुणालाही गाडी घ्यायची असली की त्याला जपानीच घ्यायला लावणं हे उरलेल्या आयुष्याचं काम म्हणून त्यांनी पत्करलं.

गाडी घेणारा माणूस शोरूमला जायच्या आधी त्यांच्या ओट्यावर येतो. साडू त्याला चहा देतात आणि डोळे अर्धे मिटून बोलू लागतात. त्यांचा आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. त्यातून उसाच्या पानांची सळसळ चाललेली असते, त्यामुळे समोरच्याला थोडी गुंगी येते. "जपानी गाडी मुकाट कामाला लागती बगा. चावी दिली, निघाली. अमेरिकन गाडी आदी खाकरती, मग चार गोष्टी सांगती, मग निगती. आवं, तिकडं म्हणं रस्ता एकदा धरला की दोन जिल्हं वळण न्हाई. त्या गाडीला खंबाटकीचा घाट काय ठावं?" मग ते सुट्या भागांवर येतात, अ‍ॅव्हरेजवर येतात, गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक कसं दारात उभं राहतं त्यावर येतात, आणि शेवटी आवाज आणखी उतरवून म्हणतात, "आन महत्त्वाचं म्हंजी, गॅरेजवाला तुमच्या गाडीला वळखत नसला पायजे. ज्या गाडीला गॅरेजवाला नावानं हाक मारतो ती गाडी घेऊ ने." माणूस स्वप्नातून उठल्यासारखा उठतो आणि जपानी गाडी घेऊन येतो.

त्यांची स्वतःची गाडी लहानशी, पांढरी, बरीच जुनी. तिला ते देवघरासारखं वागवतात. बसताना चप्पल बाहेर काढायची आणि मग उचलून सीटखाली ठेवायची, ही त्यांची रीत. यातला दुसरा भाग ते अधूनमधून विसरतात. एकदा आमच्याकडच्या लग्नाला सांगलीला येताना पेठ नाक्यावर चहाला थांबले, चहा झाला, चप्पल काढून आदबीने आत बसले आणि निघाले. कार्यालयाच्या दारात उतरले तेव्हा अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, डोक्याला फेटा आणि पाय अनवाणी. मुलीकडच्या मंडळींना वाटलं, यांचा काही नवस असावा. एका आजीबाईंनी तर वाकून नमस्कारही केला. साडूंनी तो शांतपणे घेतला.

जपानी माणूस त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला. कासच्या पठारावर फुलं बघायला आम्ही दोन्ही कुटुंबं गेलो होतो. ढग अगदी गवताला टेकले होते, आणि त्या ढगातून गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक वयस्कर गृहस्थ बाहेर आला. तो जपानचा आहे असं कुणीतरी म्हणालं मात्र, साडू माझ्या शेजारून नाहीसे झाले. मी पाहिलं तर ते त्याच्यासमोर सावधान उभे. फौजेतलं सगळं इंग्रजी गोळा करून ते म्हणाले, "सर, थँक यू फॉर गिअरबॉक्स." त्या गृहस्थाला काय कळलं देव जाणे, पण तो कमरेत वाकला. साडूही वाकले. साडू वाकले म्हणून तो पुन्हा वाकला. तो वाकलेला असताना आपण ताठ उभं राहणं साडूंच्या शिस्तीत बसेना. त्या जांभळ्या फुलांमध्ये ती दोन माणसं अशी आळीपाळीने वाकत राहिली, आणि शेवटी एक मोठा ढग आला आणि त्याने दोघांनाही झाकून टाकलं. ढग सरला तेव्हा साडू एकटेच उभे होते. "लय मोठा मानूस," एवढंच ते बोलले.

ही सगळी भक्ती आली कुठून, याचं उत्तर त्यांनी मला एकदाच, कसलीही विशेष वेळ नसताना दिलं. सिक्कीमला वर, फार उंचावर, त्यांच्याकडे फौजेची जोंगा होती, जपानी नमुन्यावरून बनवलेली दणकट जीप. त्यांच्या तुकडीतल्या खटावकडच्या एका जोडीदाराच्या छातीत पाणी झालं. हेलिकॉप्टर येण्यासारखी हवा नव्हती. खाली दवाखान्यापर्यंत न्यायचं ते जोंगातूनच. बाकीच्या गाड्या थंडीने दगड झाल्या होत्या. "मी चावीला हात लावला आन मनात म्हनलं, आता तू न्हाई म्हनलीस तर हा गडी गेला. तिनं न्हाई म्हनलं न्हाई, पावणं." जोडीदार वाचला. तो अजून दर दिवाळीला यांना शेंगा पाठवतो. मी ऐकून घेतलं आणि मग माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, "पण भाऊ, जोंगा तर जबलपूरला बनायची." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "जन्म जबलपूरचा. रक्त जपानी."

आणि अशा माणसाच्या धाकट्या साडूने, म्हणजे मी, अमेरिकन गाडी घेतली. मला तिचा रंग आवडला होता, गडद निळा. तिचं दार लावलं की जड, गोल आवाज यायचा आणि मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. साडू ती गाडी पाहायला आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "रंग बरा हाय." त्यानंतर ते तिच्यात कधी बसले नाहीत. सांगलीत कुठे जायचं झालं तर माझी गाडी पुढे आणि त्यांची मागे अशी आमची वरात निघायची. पुढे त्या अमेरिकन कंपनीने इथला कारभार आवरला. दुसऱ्या दिवशी साडू सकाळच्या एसटीने हजर. हातात केळी आणि बिस्किटाचा पुडा. बैठकीत खाली मान घालून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कवा कळलं?" मी म्हटलं, काल टीव्हीवर. "चालायचंच," ते म्हणाले, "आता हाय ती नीट जपा." माझी बायको आत पदर तोंडाला लावून हसत होती. साडू मात्र खरोखर दुःखात होते. जाताना ते गाडीपाशी थांबले आणि तिच्या टपावर त्यांनी हलका हात ठेवला.

त्यांना एकच मुलगी, अश्विनी. आम्ही तिला आशू म्हणतो. इंजिनिअरिंगला ती सांगलीत आमच्याच घरी होती. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे शिकायला अमेरिकेला गेली. शिक्षण संपत आलं तेव्हा एके दिवशी तिचा मला फोन आला. "काका, नोकरी लागली. गाड्यांच्या कंपनीत."

"मग हे आबांना सांगायचं सोडून मला काय सांगतेस?"

ती चाचरत म्हणाली, "कंपनी अमेरिकन आहे, काका. सीट बनवायच्या विभागात आहे मी. मला हेच काम करायचं होतं. दिवसभर गाडी चालवून माणसाची पाठ दुखू नये, एवढंच काम. तुम्ही सांगाल आबांना?"

मी साताऱ्याकडे, साडूंच्या गावी गेलो. साडू ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी सांगितलं. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, दारात उभी राहून ऐकत होती. साडूंनी हातातली शेंग तशीच सुपात ठेवली, "हं" म्हणाले आणि उठून गाडी धुवायला गेले.

त्यानंतर काही आठवडे ते गाडीच धूत होते. आशूचा फोन आला की ते अक्काला खुणेने सांगायचे, गाडी धुतोय म्हण. अक्का सांगायची, आणि पलीकडून पोरीचा सुस्कारा ऐकू यायचा. गाडी इतकी स्वच्छ झाली की गावात लोक विचारू लागले, विकायला काढली का. एकदा अक्काच मला फोनवर म्हणाली, "आवं, रागानं काय बोलत बी न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं. नुसती त्या टेकडीकडं बगत बसत्यात." एवढ्या गमत्या माणसाच्या घरात एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मुलगी सातासमुद्रापार, आणि बापाला तिच्याशी बोलायला शब्द सुचेना. तिला तिकडे रडू येत होतं हे मला ठाऊक होतं, कारण ती माझ्या बायकोला फोन करून रडत असे.

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी, काही न कळवता, साडू सांगलीला आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "पावणं, तुमच्या गाडीची चावी द्या."

"कुठं जायचंय?"

"कुटंच न्हाई."

माझी गाडी अंगणात शेवग्याखाली उभी होती. त्यांनी दार उघडलं, चप्पल बाहेर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यात बसले. ड्रायव्हरच्या सीटवर. पाठ टेकली, सरकवली, पुन्हा टेकली. डोळे मिटले. शेवग्याची बारीक पिवळी पानं काचेवर पडत होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"ही आशूच्या कंपनीतली सीट का?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"कंपनी तीच. पण ही गाडी जुनी, भाऊ. आशूचा हात नाही हिला लागलेला."

त्यांचा चेहरा उतरला. गाडीतून उतरायला निघालेच होते, एवढ्यात माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. सगळं तिच्या कानावर गेलं असावं. "हात लागलाय की," ती म्हणाली. "याच सीटवर बसून गाडी शिकली ती. रोज सकाळी कॉलेजच्या आधी. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. आबांना वाईट वाटेल, अमेरिकन गाडीवर शिकले म्हणून."

दोन्ही हातांनी साडूंनी सीटच्या कडा चाचपल्या, जशी आपण झोपलेल्या मुलाची गोधडी चाचपतो. मग खिशातून फोन काढला. तिकडे नुकतं उजाडत असणार. आशूचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला. "आबा? काय झालं? सगळे बरे आहात ना?"

"आशे," साडू म्हणाले, "ही तुमची सीट. डाव्या अंगाला कमरंत रुतती."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "कुठं रुतते, आबा? नीट सांगा."

आणि साडू सांगू लागले. कुठे रुतते, कुठे पोकळ वाटते, घाटात वळताना माणूस कुठल्या बाजूला कलतो, उसाच्या ट्रॉलीमागे तासभर अडकलं की पाठ कुठून भरून येते. ती प्रश्न विचारत होती, ते उत्तरं देत होते. मी आणि बायको घरात आलो. चहा झाला, निवला, पुन्हा गरम केला, तरी अंगणातलं बोलणं संपलं नव्हतं.

साडूंचं मत त्यामुळे बदललं असं कुणी समजू नये. ओट्यावर गिऱ्हाईक येतंच आणि जपानी गाडी घेऊनच जातं. फक्त आता निरोप देताना ते पुस्ती जोडतात, "इंजिन जपानीच. पन सीट म्हनाल तर, अमेरिकेत चांगली मान्सं कामाला लागल्यात अलीकडं." गेल्या खेपेला आशू सुट्टीवर आली तेव्हा साडूंनी माझ्याकडून चावी मागून घेतली आणि मुलीला म्हणाले, "चल, दाव कशी चालवतीस ते." बाप शेजारी, मुलगी स्टिअरिंगशी, असे ते दोघं औदुंबरला जाऊन आले. उतरल्यावर मी विचारलं, कशी चालवते? "जरा पळवती," ते म्हणाले. पण गालांवरचं हसू काही त्यांना आवरेना. ती परत गेली त्या दिवशी ते विमानतळावर गेले नाहीत. दिवसभर उसाला पाणी दिलं.

माझी गाडी आता चालत नाही. तिचा कुठलासा भाग मिळत नाही, आणि भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला. साडू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. जागा काय मागती का?" म्हणून ती शेवग्याखालीच उभी आहे. महिन्यातून कधीतरी साडू येतात, कारखान्याचं किंवा दवाखान्याचं काहीतरी काम काढून, आणि दुपार कलली की अंगणात जाऊन तिच्यात बसतात. बहुधा त्यांना डुलकी लागते. परवा मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते जागे होते. काच खाली होती. हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या कुंपणाच्या पार पलीकडे.

"आज सोमवार न्हाई का?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"म्हंजी निघाली असंल कामाला. गर्दी असती सोमवारी."

स्टिअरिंग त्यांनी अगदी थोडं, केसभर, डावीकडे वळवलं आणि स्वतःशीच बोलावं तसं हळू म्हणाले, "सावकाश जा गं."

मी चहाचा कप हातात धरून तसाच शेवग्याखाली उभा राहिलो.