मामांना टेकवायला माती

ऑर्कुटच्या मंडळींनो, आत्ताच निमगाव सावाहून घरी आले. दुपारी माझे मामा गेले.

शेवटची घटका आली तसं त्यांना खाटेवरून खाली घ्यायचं ठरलं. आमच्याकडं जाणाऱ्या माणसाला सारवलेल्या जमिनीवर निजवतात. मामी शेण कालवलेली बादली घेऊन आली आणि गुळगुळीत फरशी सारवायला लागली. पण खाली मातीच नाही, तर शेण धरणार कशाला? नुसतंच घसरत होतं.

मामेभावानं मातीचं घर पाडून हौसेनं स्लॅबचं बांधलंय. उन्हाळ्यात ते इतकं तापायचं, की मामा गोठ्यात जाऊन पडायचे. तेवढा गोठाच मातीचा राहिलाय.

मामीचा हात एकदम थांबला. "हितं न्हाई व्हायचं. ह्यांना गोठ्यात न्या."

गाय बाहेर बांधली. मामीनं घाईघाईनं सारवलं आणि मामांना त्या ओल्या जमिनीवर ठेवलं. ती त्यांच्या कानाशी वाकली. "आता गार वाटतंय न्हवं?"

मामांनी तळहात जमिनीवर पालथा टाकला, अन् गेले.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी घरं बांधायला काढलीत. फरशी कुठली बसवताय ते विचारत नाही. माणूस टेकवायला हातभर माती ठेवताय का, राव?