आक्काच्या पायाखालची फळी

तात्या नावाडी कुठलीही फळी घेण्याआधी तिच्यावर बादलीभर पाणी ओततो आणि चपला काढून तिच्यावरून चालतो. पाय सरकला, तर फळी नापास. वखारवाल्याला ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तात्या फाटकात दिसला की तो नळाखाली बादली लावतो.

या खेपेला होडीचा अख्खा डेक बदलायचा होता. पण तात्याच्या डोक्यात डेकपेक्षा आक्का घोळत होती. ही त्याची थोरली बहीण. सुकाणू तिच्या हातात, दोर आणि उतारू याच्याकडे. दोघं भांडत भांडत नदी पार करायची. गेल्या वर्षी ओल्या डेकवर आक्का घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हाड सांधलं, भीती मात्र जाईना. "होडी तुझी तुला लखलाभ," म्हणत ती घरी बसली. सुकाणूवर ठेवलेला नवा माणूस कामाला चोख होता, पण शब्दाला शब्द द्यायचा नाही. तात्याला करमेना.

समजूत घातली की आक्का जास्तच अडून बसते. पण धाकटा भाऊ चुकतोय असं दिसलं, की तिला बसवत नाही. तात्याने नेमकं तेच धरलं.

"फळ्या ठरवल्या बरं का आक्का," चहा पिताना तो म्हणाला. "लाकडाच्या रेघांची काय नक्षी आहे! नुसत्या लाटा. वर चकचकीत वार्निश मारतो, तोंड दिसेल त्यात."

आक्काने कप आदळला. "डेक करतोयस की आरसा? पाणी पडलं की माकडसुद्धा घसरेल त्यावर!"

"तुला काय त्याचं? तू तर घरी."

"गप्प बस. चपला घाल, वखार बंद होईल."

वखारीत आक्काने नक्षीच्या फळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ढिगाच्या तळातून तिने सागाची एक फळी काढायला लावली: गाभ्याची, बिनगाठीची, सरळ बारीक रेघांची. "नक्षीवाल्या फळीचे पापुद्रे सुटतात, तळपायात कुसं जातात. ही सगळीकडून एकसारखी झिजेल. आणि वार्निश नाही, उघडीच ठेवायची. ओत पाणी."

तात्याने पाणी ओतलं, पण चपला काढल्या नाहीत. "माझे पाय भेगाळलेले, कशावरही टिकतात. तुझा पाय काय म्हणतो?"

आक्काने त्याच्याकडे रोखून पाहिलं. डाव कळला होता. तरी तिने चपला काढल्या, त्याचा खांदा घट्ट धरला आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. फळीच्या मधोमध तिचा हात खांद्यावरून सुटला. ती टोकापर्यंत गेली, वळली, परत आली आणि टाच आपटून पाहिली.

"पाणी कमी ओतलंस, आळशा! होडीत एवढंसंच असतं का?"

वखारवाला खाली बघून हसू लागला.

"आणि सुकाणूपाशी याच्याहून रुंद फळ्या हव्यात," आक्का म्हणाली. "तिथे दिवसभर मला उभं राहायचंय, तुला नाही."